कागदावर लिहिलं होतं ‘टप्पा पहिला’

शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. मधल्या सुट्टीत दुसरीतल्या एका मुलाची अम्मी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आत यायला तयार नाही आणि दारातून काही बोलेना. शेवटी आम्हीच बाहेर गेलो, तिला कडुनिंबाखाली नेलं, तेव्हा मान खाली घालून ती एवढंच म्हणाली, “आपा, बच्चे का ऑपरेशन फेल गया.”

मूल आमच्या ओळखीचं. गेल्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं, तेव्हा पथकातल्या डॉक्टरांनी त्याची चिठ्ठी वेगळी काढली होती. उजव्या बाजूचं वृषण पिशवीत नव्हतं. घरच्यांना हे नवीन नव्हतं. तीन वर्षांचा असताना खतना झाला, तेव्हाच करणाऱ्यानं सांगितलं होतं की एक बाजू रिकामी आहे. पण दादी म्हणाल्या, मोठा होईल तसं उतरेल, आणि विषय तिथंच संपला. चार वर्षं संपला. पथकानं चिठ्ठी दिल्यावर मात्र बाप हलला. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात, एका मोठ्या रुग्णालयात, दिवाळीच्या सुट्टीत दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. बेंबीजवळ आणि बाजूला छोटे छोटे छेद, तिसऱ्या दिवशी घरी. मोहल्ल्यात सगळे म्हणाले, काय सोपं झालं!

आता जून उजाडला होता आणि पिशवी तशीच रिकामी. बापाचं म्हणणं, डॉक्टरांनी फसवलं. मामाचं म्हणणं, दुर्बिणीचं ऑपरेशन कच्चंच असतं, चिरफाड करूनच करायला हवं होतं. कुणीतरी बाजारातल्या एका दवाखान्यात नेलं, तिथं इंजेक्शनांचा कोर्स सुरू झाला होता.

आम्ही पिशवीतले कागद काढले. आमचं इंग्रजी बीएडच्या परीक्षेपुरतं, पण डिस्चार्ज कार्डावरची ओळ वाचता येण्याइतकं होतं. उजवं वृषण पोटात, फाउलर-स्टीफन्स पद्धत, टप्पा पहिला. खाली: सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यासाठी यावे. सहा महिने एप्रिलमध्येच भरले होते.

ऑपरेशन फेल गेलं नव्हतं. ते अर्धंच झालं होतं.

हा विषय या पानावर घ्यावा की नाही, यावर आम्ही बरेच दिवस घोळ घातला. हा अंक घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे वाचतात. पण त्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या बाईला ज्या शरमेनं दारात अडवलं, त्याच शरमेनं मुलाची चार वर्षं खाल्ली होती. हया ईमानाचा भाग आहे, यात शंका नाही. मात्र उपचारासाठी शरीर वैद्याला दाखवणं गरजेपुरतं जायज आहे, हे कोणत्याही आलिमला विचारा. आणि औषधोपचार करा ही ताकीद खुद्द पैगंबरांची (स.) आहे. तेव्हा शब्द जपून, पण स्पष्ट लिहितो.

मुलग्याची वृषणं आईच्या पोटात असताना त्याच्या मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि शेवटच्या काही महिन्यांत जांघेच्या वाटेनं खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभरांतल्या साधारण तीन मुलग्यांत एक किंवा दोन्ही वृषणं जन्माच्या वेळी उतरलेली नसतात. कमी दिवसांच्या बाळांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं. यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांपर्यंत उतरलं नाही तर पुढं आपोआप उतरण्याची आशा फार थोडी. म्हणून जगभरचे डॉक्टर आता सांगतात की सहा महिन्यांनंतर मूल सर्जनला दाखवा आणि दीड वर्षाच्या आत ऑपरेशन होऊ द्या. ‘मोठा होईल तसं उतरेल’ हे दादीचं म्हणणं पहिल्या सहा महिन्यांपुरतं अगदी बरोबर आहे. त्यानंतर नाही.

घाई कशासाठी? पिशवी शरीराच्या बाहेर आहे, कारण वृषणाला पोटातली उष्णता सोसत नाही. पोटात किंवा जांघेत अडकून राहिलं की त्यातल्या बीजपेशी वर्षागणिक कमी होत जातात. एकाच बाजूचा दोष असलेल्यांपैकी मोठेपणी शंभरात जवळजवळ नव्वद जण बाप होतात, म्हणजे इतरांपेक्षा फारसे कमी नाहीत. दोन्ही बाजूंचा दोष असेल तर आकडा पासष्टच्या आसपास येतो. दुसरी गोष्ट कर्करोगाची. हा कर्करोग मुळात विरळा आहे, तेव्हा घाबरू नका. पण स्वीडनमध्ये हे ऑपरेशन झालेल्या जवळपास १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की तेराव्या वर्षाआधी ऑपरेशन झालेल्यांना धोका सर्वसाधारण पुरुषाच्या सुमारे सव्वादोन पट होता आणि तेरा वर्षांनंतर झालेल्यांना सुमारे साडेपाच पट. शिवाय वृषण खाली पिशवीत असलं तर पुढं गाठ आली तरी हाताला लागते. पोटात असलं तर कुणाला कळणार?

घरी कसं बघायचं हे विचारणाऱ्या बहिणी असतात. आंघोळीनंतर, मूल उबेत आणि शांत असताना, हात गरम करून बघा. थंडी वाजली, रडलं, घाबरलं की वृषण वर ओढलं जातं. ते काही मुलांत सहज खाली येतं, थोडा वेळ राहतं, पुन्हा वर जातं. अशा वर-खाली होणाऱ्याला ऑपरेशन लागत नाही, मात्र वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावं, कारण त्यातली काही पुढं वरच अडकतात. पिशवीची ती बाजू कायम सपाट, बारीक दिसत असेल तर मात्र वाट बघू नका.

आपल्या घरांत एक संधी अशी असते, जी इतरांकडे नसते. खतन्याच्या निमित्तानं प्रत्येक मुलगा कुणातरी जाणकाराच्या नजरेखाली येतो. त्याच वेळी दोन्ही वृषणं आहेत का, हे विचारून घ्यायला काय हरकत आहे? सातव्या दिवशी करा नाहीतर सातव्या वर्षी, प्रश्न एकच. खतन्यानं वृषणाला काही होत नाही आणि वृषण उतरलं नसल्यानं खतना अडतही नाही. पुष्कळदा दोन्ही एकाच भुलेत उरकता येतात, सर्जनला विचारावं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर खतना थांबवा, कारण ते छिद्र दुरुस्त करायला सर्जनला तीच कातडी लागते. आणि नवजात बाळाच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतील, किंवा रिकामी पिशवी आणि खालचं छिद्र दोन्ही एकत्र असतील, तर खतन्याआधी तातडीनं बालरोगतज्ज्ञ गाठा. काही बाळांत हा संप्रेरकांचा गंभीर आजार असतो आणि त्यात दिवस मोजावे लागतात.

आता दुर्बिणीकडे येऊ. मामाचं म्हणणं आम्ही मनावर घेतलं आणि दुसऱ्या वेळी कुटुंबासोबत गेलो तेव्हा सर्जनला तेच विचारलं. चिरफाड चांगली की दुर्बीण?

उत्तर असं की दोन्हींची कामं वेगळी. न उतरलेल्या दहांपैकी आठ वृषणं जांघेत हाताला लागतात. त्यांना दुर्बिणीची गरजच नाही. जांघेत लहानसा छेद देऊन ती खाली आणून पिशवीत बसवतात. उरलेली दोन हाताला लागत नाहीत. ती पोटात आहेत, की जांघेत बारीक होऊन पडलीत, की जन्माआधीच नाहीशी झालीत, हे बाहेरून कळत नाही. सोनोग्राफी यात फारशी कामाची नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शनात ती नेमानं करू नका असंच सांगितलं आहे, कारण सोनोग्राफीत ‘दिसत नाही’ आलं म्हणून वृषण नाहीच असं ठरत नाही. त्याच मार्गदर्शनात संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी वृषण खाली आणण्याचा प्रयत्न करू नये असंही आहे. बाजारातल्या त्या दवाखान्यातला कोर्स आम्ही त्याच आठवड्यात बंद करायला लावला.

मग पोटात बघायचं कसं? इटलीतल्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये दुर्बिणीनं पोटातली हरवलेली वृषणं शोधल्याचं प्रसिद्ध केलं आणि तिथून ही वाट मोकळी झाली. आपल्याकडे दुर्बीण आणली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. १९७२ पासून ते पोटात डोकावून निदान करायला ती वापरत होते आणि १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, भारतातलं पहिलं. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. छोट्या छेदाची गरज श्रीमंतापेक्षा मजुराला जास्त, कारण मजूर जितके दिवस पडून राहतो तितके दिवस घरात पैसा येत नाही, हा विचार त्यांनी लावून धरला होता. हमाली करणाऱ्या बापाला तो समजावून सांगावा लागला नाही.

पण छेद छोटा म्हणून ऑपरेशन छोटं, हा समज चुकीचा. बेंबीजवळून नळी आत जाते, पोटात वायू भरून ते फुगवतात, मग दुर्बीण आणि बारीक हत्यारं. लहान मुलाच्या पोटाची भिंत पातळ, आतली जागा कमी. पहिली नळी घालताना आतड्याला किंवा रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हे क्वचित होतं, पण होतं. वायूच्या दाबानं फुप्फुसं वर ढकलली जातात, म्हणून लहान मुलांत दाब मोठ्यांपेक्षा कमी ठेवतात आणि लहान मुलांची सवय असलेला भूलतज्ज्ञ असणं महत्त्वाचं. कधी वायू कातडीखाली शिरतो, दाबलं की चुरचुर वाजतं. तो काही दिवसांत जिरतो. मोठ्यांच्या पोटावरचं पाच मिलिमीटरचं छिद्र पुष्कळदा आतून शिवत नाहीत. मुलांत मात्र तेवढ्याशा छिद्रातूनही आतली चरबीची पदराची झालर बाहेर डोकावू शकते, म्हणून ते आतल्या थरापासून शिवावं लागतं.

या ऑपरेशनचा स्वतःचा असा एक धोका मूत्राशयाचा आहे. पोटातलं वृषण खाली आणायला सर्जन नवी वाट करतो आणि ती वाट मूत्राशयाला अगदी खेटून जाते. मूत्राशय भरलेलं असेल तर त्याला भोक पडू शकतं. म्हणून आधी नळी घालून ते रिकामं करतात. घरी आल्यावर लघवीत रक्त दिसलं, लघवी होईना किंवा पोट फुगलं तर तसंच रुग्णालय गाठायचं, ते याचसाठी. बीजवाहिनी दोऱ्यासारखी बारीक असते, तिला इजा होऊ शकते. वृषण खाली आणून बसवलं तरी पुढं वर सरकू शकतं आणि पुन्हा ऑपरेशन लागतं.

आणि सगळ्यात मोठी गुंतागुंत म्हणजे वृषण सुकणं. याला रक्त लागत नाही, टाके तुटत नाहीत, ताप येत नाही. सहा महिन्यांत ते हळूहळू बारीक होत जातं आणि एक दिवस हाताला लागेनासं होतं.

ते का सुकतं, हे सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. वृषणाची मुख्य रक्तवाहिनी पार वर, मूत्रपिंडाच्या पातळीवरून येते. वृषण पोटात उंचावर अडकलं असेल तर ही वाहिनी आखूड असते, पिशवीपर्यंत पुरत नाही. ओढली तर तुटेल. मग १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या फाउलर आणि स्टीफन्स या दोघा सर्जननी सुचवलं की मुख्य वाहिनी कापून टाकावी, कारण बीजवाहिनीच्या सोबतीनं एक बारीक वाहिनी वृषणाला येते, तिच्यावर ते जगू शकेल. पुढच्या लोकांनी यातही सुधारणा केली. मुख्य वाहिनी आधी फक्त चिमट्यानं बंद करायची, वृषण जागचं हलवायचं नाही आणि सहा महिने थांबायचं. तेवढ्यात बारीक वाहिनी रुंदावते. मग दुसऱ्या ऑपरेशनात ते खाली आणायचं.

आम्ही ऐकत होतो, मुलाचा बाप नुसता बघत होता. एकदम म्हणाला, “म्हणजे मेन लाईन बंद केली. साईडच्या लाईनवर सगळं शेत भिजायला वेळ लागणार.” वसमतच्या बाजूला हळदीच्या शेतांत त्यानं ठिबकच्या नळ्या अंथरण्याचं काम केलं होतं. सर्जन हसले. म्हणाले, मी पुढच्या सगळ्यांना असंच सांगत जाईन.

आकडे सांगितले पाहिजेत, कारण लोक ‘चांगलं झालं’ किंवा ‘फसलं’ या दोनच शब्दांत बोलतात. २००१ मध्ये दहा रुग्णालयांनी दुर्बिणीनं केलेल्या तीनशेहून अधिक वृषणांच्या ऑपरेशनांचा हिशेब एकत्र मांडला. मुख्य वाहिनी न कापता थेट खाली आणता आलं तिथं शंभरात साधारण दोन वृषणं सुकली. वाहिनी कापून त्याच वेळी खाली आणलं तिथं शंभरात सुमारे बावीस. वाहिनी बंद करून, थांबून, दोन टप्प्यांत केलं तिथं सुमारे दहा. बावीस आणि दहा यांतला मोठा फरक मधल्या थांबण्याचा आहे. मुलाच्या बापाला जे वाया गेलेलं वाटत होतं, ते सहा महिने खरं म्हणजे उपचारच होते.

आणखी एक पद्धत अलीकडे आपल्या देशातही काही सर्जन करतात. ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्रोफेसर सामेह शेहाता यांची, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्यांनी वाहिनी कापायचीच नाही असं ठरवलं. वृषण पोटाच्या आतूनच विरुद्ध बाजूच्या भिंतीला टाक्यानं टांगून ठेवायचं. आतड्यांच्या भारानं आणि मुलाच्या हालचालीनं वाहिनी हळूहळू ताणली जाते, लांबते. बारा आठवड्यांनी टाका सोडवून वृषण खाली आणायचं. ज्या शहरात कधीकाळी जगातलं सर्वात मोठं ग्रंथालय होतं, त्या शहरातून आजही मुलांच्या उपयोगाचं काही येतंय, हे लिहिताना आम्हांला बरं वाटलं, लपवत नाही. पण हीसुद्धा दोन टप्प्यांचीच. आणि इथं उशीर जास्त अवघड, कारण ताणलेलं वृषण पोटात आडवं असतं. टाका निसटू शकतो, आतड्याचं वेटोळं त्याभोवती अडकण्याची भीती असते.

म्हणजे कोणतीही पद्धत घ्या, पोटात उंचावरच्या वृषणासाठी बहुतेक वेळा दोनदा जावंच लागतं. पहिल्या वेळी पिशवी रिकामीच राहणार. हे एक वाक्य त्या आईबापांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलं असतं तर एप्रिल चुकला नसता. डॉक्टरांनी सांगितलंच नाही, असं आम्ही म्हणत नाही. सुट्टी मिळण्याच्या दिवशी वॉर्डात काय गडबड असते हे आम्ही पाहिलंय: एक बिलाच्या रांगेत, एक औषधांच्या, आजी मुलाला धरून, आणि सिस्टर एका दमात सात गोष्टी सांगते. पण कागद इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. पुढची तारीख मराठीत, ठळक, कागदाच्या वरच्या बाजूला लिहायला काय खर्च येतो? आमच्या शाळेत पालकसभेची चिठ्ठीसुद्धा आम्ही मराठी आणि उर्दू दोन्हीत काढतो.

आपल्या बाजूचंही सांगायला हवं. रमजान आला, ईद आली, मग हळदीच्या बाजाराचा हंगाम. हिंगोलीच्या, वसमतच्या बाजारात त्या दिवसांत हमालाला सुट्टी म्हणजे महिन्याच्या किराण्यावर पाणी. आणि मूल तर खेळतंय, हसतंय, दुखत काहीच नाही! न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोण शंभर किलोमीटर जातं? दहा रुग्णालयांच्या त्या हिशेबातही शंभरातली सुमारे पंधरा मुलं पुढच्या तपासणीला आलीच नव्हती, आणि ती रुग्णालयं श्रीमंत देशातली.

म्हणून ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच, भुलेच्या कागदावर सही करण्यापूर्वी, विचारून घ्यावं. वृषण हाताला लागतंय की नाही? भूल दिल्यावर पुन्हा हातानं बघणार ना? (भुलेत अंग सैल पडतं आणि आधी न लागलेलं कधी लागतं, मग दुर्बीण वाचते.) पोटात सापडलं तर मुख्य वाहिनी राखता येईल का? एकाच वेळी होईल की दोनदा यावं लागेल, आणि दुसरी तारीख कोणती? वृषण सापडलंच नाही तर काय? तसंही होतं. वाहिन्या पोटातच आंधळ्या संपलेल्या दिसतात, म्हणजे वृषण जन्माआधीच नाहीसं झालेलं. तेव्हा पुढं काही करायचं नसतं आणि ते अपयशही नसतं. मुलांच्या सर्जनकडे, म्हणजे बालशल्यचिकित्सकाकडे नेलं तर उत्तम. हे विचारताना कुणी रागावलं तर रागावू द्या.

आपल्या जिल्ह्यापुरतं सांगायचं तर, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. पथक येतं त्या दिवशी काही अम्म्या मुलाला मुद्दाम घरी ठेवतात, कपडे काढून बघतात म्हणून. तसं करू नका. पथकात पुरुष डॉक्टर असतो, मुलाला आडोशाला तपासतात, आणि आम्ही शिक्षक तिथं असतोच. चिठ्ठी मिळाली की ती घेऊन हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जावं. तिथून गरजेप्रमाणे पुढं पाठवतात. नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे, आणि आता हिंगोलीलाही २०२४ पासून वैद्यकीय महाविद्यालय झालंय. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड आणि मुलाचं आधार सोबत असू द्या. आम्ही गेलो तेव्हा आधारवर मुलाचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरंच होतं, त्यात अर्धा दिवस गेला. जन्मदाखल्याच्या वेळीच नावाचं स्पेलिंग एक ठेवा, हे आम्ही या सदरात किती वेळा लिहिलंय!

घरी आल्यावर थोडी सूज, थोडं काळंनिळं दिसणं ठीक. मोठं मूल खांदा दुखतो म्हणेल. तो पोटात भरलेल्या वायूमुळे, एक-दोन दिवसांत थांबतो. पण ताप, सारखी उलटी, फुगलेलं पोट, पिशवीची वाढत जाणारी सूज, बेंबीच्या जखमेतून पू किंवा काही बाहेर डोकावताना दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. दोन-तीन आठवडे सायकल नाही, धसमुसळेपणा नाही. जखमेला हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही. आपण हळदीच्या जिल्ह्यात राहतो म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्या मुलाचा दुसरा टप्पा जुलैत झाला. तीन महिने उशीर झाला होता, पण सर्जन म्हणाले, इथं उशिरानं बिघडलं नाही, बारीक वाहिनी चांगली रुंदावली आहे. खरा उशीर आधीच्या चार वर्षांचा, तो भरून निघणारा नाही. वृषण आता पिशवीत आहे. डाव्यापेक्षा लहान आहे. ते जगलं की नाही हे सहा महिन्यांनी कळेल. तारीख जानेवारीतली आहे, डिस्चार्ज कार्डावर आम्ही ती बापाकडूनच मराठीत लिहून घेतली, आणि एक आमच्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर.

त्या घरात ऑगस्टमध्ये आणखी एक मुलगा झाला. अकीक्याच्या जेवणाला आम्ही गेलो होतो. बायकांच्या खोलीत मुलाची अम्मी बाळाला घेऊन बसली होती, दादी बाजूलाच. आम्ही काही विचारायच्या आत दादीच म्हणाल्या, “देखा मैंने, आपा. नहलाते वख्त. दोनों है.”